गोंदिया जिल्ह्यातील घरगुती ध्वनिवर्धक आणि वाढीव संधारित्र : अस्थिर वीजपुरवठ्याच्या इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांच्या नावांनी आणि कारखान्यांच्या स्थापनेच्या वर्षांनी लिहिला जातो. वस्तू गावात पोहोचल्यानंतर तिचे काय झाले, ती कोणी उघडली, तिच्यात काय बदलले आणि का बदलले, हा भाग सहसा अलिखित राहतो. घरी किंवा तालुक्याच्या दुकानात जुळवलेल्या ध्वनिवर्धकाच्या, म्हणजेच रूढ भाषेत अ‍ॅम्प्लिफायरच्या, वीजपुरवठ्याच्या भागात आणखी एक-दोन संधारित्रे जोडण्याची प्रथा हा असाच एक अलिखित भाग होय. पाठ्यपुस्तकातील 'संधारित्र' हा शब्द दुकानात कोणी वापरीत नाही. तेथे त्याला 'कंडेन्सर' म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने वापरलेली ही संज्ञा इंग्रजी पुस्तकांतून मागे पडली, तरी भारतीय मेकॅनिकच्या बोलीत ती टिकून राहिली.

प्रस्तुत लेखात या प्रथेचा विचार गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात केलेला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, वाढीव संधारित्र हे केवळ आवाज सुधारण्याचे साधन नव्हते; अपुऱ्या व अस्थिर विजेला ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने दिलेले ते उत्तर होते. हे उत्तर एका ठरावीक मर्यादेपर्यंतच बरोबर होते. ती मर्यादा नेमकी कोठे आहे हे पाहिले, म्हणजे उपकरणाचा दोष कोणता आणि व्यवस्थेचा दोष कोणता हे वेगळे करता येते.

१. प्रदेश आणि श्रवणाची परंपरा :

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके आहेत. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट आणि पूर्वेस छत्तीसगड असल्याने मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी या भाषा येथे शेजारी नांदतात. धान हे मुख्य पीक आणि भातगिरणी हा मुख्य उद्योग. हावडा-मुंबई लोहमार्गावरील जंक्शन असल्यामुळे गोंदिया शहर व्यापाराचे केंद्र बनले.

हा प्रदेश झाडीपट्टीचा भाग आहे. दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टी रंगभूमीवरील नाटक या येथील लोकमान्य कला होत. धानाची कापणी आटोपत असताना दिवाळीनंतर मंडया भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक होते. ते मोकळ्या मैदानावरील मंडपात, पंचक्रोशीतून आलेल्या प्रेक्षकांसमोर, रात्रभर चालते. अशा प्रयोगात शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोहोचणे ही नटाची पहिली कसोटी असते. ध्वनिवर्धक नव्हता तेव्हा ही कसोटी कंठाच्या बळावर पार पाडावी लागे. ध्वनिवर्धक आल्यावर तिचा काही भार यंत्रावर आणि यंत्र सांभाळणाऱ्यावर पडला. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने झाडीपट्टीच्या नटाची राष्ट्रीय स्तरावर नोंद झाली. मंडपाच्या कडेला अ‍ॅम्प्लिफायरशेजारी रात्र काढणाऱ्या माणसाची अशी नोंद होण्याची प्रथा नाही.

२. ध्वनिवर्धकाचे आगमन :

आजच्या स्वरूपाचा चल-कुंडल ध्वनिक्षेपक राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. भारतात त्याचा प्रसार राजकीय सभांच्या निमित्ताने झाला. मोटवाणी कुटुंबाच्या मुंबईतील 'शिकागो रेडिओ' या पेढीने १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरविले. १९४० मध्ये स्थापन झालेल्या 'आहुजा' या दिल्लीच्या कंपनीचे नाव पुढे भारतभरातील मंडप-व्यावसायिकांच्या तोंडी रुळले. विदर्भात आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि यंत्रातून येणाऱ्या आवाजाची सवय घरांना लागली.

या काळातील यंत्रे निर्वात नलिकांची, म्हणजे व्हॉल्व्हची होती. त्यांना अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब आणि अल्प प्रवाह लागे. प्रवाह अल्प असल्याने ८, १६ किंवा ३२ मायक्रोफॅरडची संधारित्रे पुरेशी होत. ट्रान्झिस्टर आल्यावर हे प्रमाण उलटले. दाब बारा ते चाळीस व्होल्टपर्यंत खाली आला, पण प्रवाह काही अँपिअरपर्यंत वाढला. म्हणून संधारित्राची क्षमता शेकडो पटींनी वाढवून हजारो मायक्रोफॅरड करावी लागली. मेकॅनिकच्या टेबलावर डब्याएवढे कंडेन्सर दिसू लागले ते या बदलामुळे.

३. सुटे भाग आणि घरगुती जुळणी :

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे तयार परदेशी ध्वनियंत्रणा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. त्याच काळात देशी इलेक्ट्रॉनिक्स उद्योग उभा राहत होता. बंगळूर येथे १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली आणि १९६०च्या दशकात तेथे ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू झाले. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग नेमला गेला. केरळमध्ये केल्ट्रॉनने १९७०च्या दशकात संधारित्रांच्या उत्पादनात पाऊल टाकले. १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' या मासिकाने मंडलांच्या आकृत्या हौशी वाचकांपर्यंत नेल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांची देशातील एक मोठी बाजारपेठ बनला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेडिओ व टीव्ही मेकॅनिक हा अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुण तालुक्याच्या गावी दुकाने थाटू लागले.

१९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने संगीत घरोघर पोहोचविले आणि मोठ्या आवाजाची मागणी वाढली. टू-एन-तीन-शून्य-पाच-पाच हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर आणि पुढे एलए-चार-चार-चार-शून्य हे एकात्मिक मंडल यांच्या तयार पट्ट्या बाजारात मिळू लागल्या. त्यातील दुसरे मंडल मुळात मोटारगाडीतील ध्वनियंत्रणेसाठी बनविलेले असल्याने बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालत असे. एक रोहित्र, चार डायोड, एक संधारित्र, एक पट्टी आणि पत्र्याची किंवा प्लायवूडची पेटी एवढ्यावर अ‍ॅम्प्लिफायर उभा राही. खर्च वाचविण्यासाठी संधारित्र गरजेपुरतेच घातले जाई. प्रथम जुळणीत काटकसर आणि पुढे तक्रार आल्यावर भर, या क्रमातून वाढीव संधारित्राची प्रथा जन्मली.

४. संधारित्राचे कार्य :

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन घेते. चार डायोडांचा पूल तिला एका दिशेने वळवितो, परंतु त्यातून मिळणारा दाब सपाट नसतो. तो सेकंदाला १०० वेळा शिखर गाठतो आणि शून्याकडे घसरतो. दोन शिखरांमधील अंतर १० मिलिसेकंदांचे. शिखराच्या वेळी संधारित्र भरते आणि मधल्या दरीत अ‍ॅम्प्लिफायरला प्रवाह पुरविते. संधारित्र लहान असेल तर दाब दोन शिखरांच्या मध्ये खोल उतरतो. या चढउताराला मेकॅनिक 'रिपल' म्हणतात आणि तोच ध्वनिक्षेपकातून घूं घूं असा ऐकू येतो.

ही घसरण अंदाजे मोजता येते. प्रवाह व काळ यांचा गुणाकार करून त्यास संधारित्राच्या क्षमतेने भागावे. दोन अँपिअर प्रवाह आणि ४७०० मायक्रोफॅरडचे संधारित्र असल्यास घसरण सुमारे ४.३ व्होल्ट येते. त्याच्या समांतर आणखी एक ४७०० मायक्रोफॅरडचे जोडल्यास ती निम्मी, म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट होते. पंधरा व्होल्टच्या पुरवठ्यात दोन व्होल्टचा हा फरक कानाला स्पष्ट जाणवतो. गुणगुण कमी होते; ढोलकीची थाप किंवा नटाचा चढा स्वर येताना आवाज फाटत नाही. 'कंडेन्सर टाकला की बेस सुधारतो' हा अनुभव म्हणून निराधार नाही.

मात्र दोन बाबी येथे वेगळ्या कराव्या लागतात. पहिली अशी की, रिपलची गुणगुण १०० आवर्तनांची असते. माइकच्या तारेचे सदोष आच्छादन, चुकीचे भूसंपर्कन किंवा रोहित्राशेजारून गेलेली तार यांमुळे येणारी गुणगुण प्रामुख्याने ५० आवर्तनांची असते आणि कितीही संधारित्रे जोडली तरी ती जात नाही. दुसरी बाब काळाच्या प्रभावाची आहे. विद्युत-अपघटनी संधारित्रातील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो आणि क्षमता घटते. पूर्व विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. बंद पेटीत रोहित्र व ट्रान्झिस्टर यांची उष्णता त्यात मिळते. त्यामुळे ज्याला 'जादा कंडेन्सर' म्हटले जाई, तो पुष्कळदा आटलेल्या जुन्या कंडेन्सरची उणीव भरून काढणारा असे. भर घातली असे वाटले, तरी प्रत्यक्षात ती दुरुस्ती होती.

५. वीजपुरवठ्याचे स्वरूप :

विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना झाल्यानंतर खेड्यांपर्यंत तारा नेण्यास गती मिळाली. कोराडी आणि चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांमुळे विदर्भ हा राज्याला वीज पुरविणारा प्रदेश ठरला. परंतु खांब येणे आणि योग्य दाबाने वीज येणे या दोन भिन्न गोष्टी होत.

लांबच लांब वाहिनीच्या टोकाला असलेल्या गावात दाब स्वाभाविकच कमी होतो. त्याच वाहिनीवर कृषिपंप किंवा भातगिरणीची मोटर असेल, तर ती सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते आणि दाब क्षणभर आणखी कोसळतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास काय होते ते पाहू. बारा व्होल्टचे रोहित्र आणि डायोडांचा पूल यांतून बिनभाराच्या स्थितीत सुमारे १५.६ व्होल्ट मिळायला हवेत, ते ११.९ पर्यंत उतरतात. ध्वनिशक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने यंत्राची कमाल शक्ती ५८ टक्क्यांवर येते. ही तूट शिखराचीच आहे. संधारित्र शिखराला धरून ठेवते; ते शिखर उंचावू शकत नाही.

मध्यरात्रीनंतर भार कमी झाला की दाब उलट वर चढतो. २५० व्होल्टला हाच पुरवठा १७ व्होल्टपर्यंत जातो. सोळा व्होल्ट मर्यादेचे स्वस्त संधारित्र सायंकाळी निर्धोक चालते आणि नाटक रंगात आले असताना फुगते, ते यामुळे. पंचवीस व्होल्ट मर्यादेचा भाग वापरावा हा नियम पुस्तकातील सावधगिरी वाटतो. वाहिनीच्या टोकाच्या गावात तो अनुभवाने शिकावा लागला.

तिसरा प्रश्न भारनियमनाचा. जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. त्याच सुमारास राज्यातील विजेची तूट तीव्र झाली आणि ग्रामीण भागाला पुढील काही वर्षे दररोज अनेक तास अंधार सोसावा लागला. 'मोठा कंडेन्सर असला तर लाइट गेल्यावरही थोडा वेळ गाणे चालते' हा समज याच परिस्थितीत बळावला. १०,००० मायक्रोफॅरडचे संधारित्र १५ व्होल्टला सुमारे १.१ ज्यूल ऊर्जा साठविते. अ‍ॅम्प्लिफायर ३० वॅट घेत असेल तर ही सगळी ऊर्जा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपते. दहा मिलिसेकंदांची दरी भरण्यास संधारित्र समर्थ आहे; सहा तासांची दरी भरणे हे बॅटरीचे आणि जनित्राचे काम आहे. बॅटरीवर तर रिपलच नसतो, त्यामुळे तेथे वाढीव संधारित्राचे मुख्य प्रयोजनच उरत नाही.

६. उपायाचे धोके :

संधारित्र मोठे झाले की ते भरण्याचा काळ अधिक आखूड आणि प्रवाह अधिक तीव्र होतो. डायोड व रोहित्र जास्त तापतात. एक अँपिअरचे डायोड तसेच ठेवून संधारित्र तिप्पट केल्यास पहिल्याच जोडणीच्या धक्क्याने डायोड जळू शकतात. भारनियमन संपून वीज परत येते तेव्हा बटण चालूच राहिलेले असते, संधारित्र पूर्ण रिकामे असते आणि फ्यूज उडतो. मग फ्यूजच्या जागी जाड तार लावली जाते आणि एका उपायातून दुसरा धोका निर्माण होतो. वीज बंद केल्यानंतरही संधारित्रात भार शिल्लक राहतो. जुन्या व्हॉल्व्ह यंत्रात हा भार जीवघेणा ठरू शके. म्हणून संधारित्राच्या दोन टोकांत निचरा-रोध बसविणे, डायोड तीन अँपिअरचे घेणे आणि रोहित्राची क्षमता आधी पाहणे ही जाणत्या कारागिराची लक्षणे होत. केवळ भर घालणारा आणि भर घालण्यापूर्वी पुरवठा मोजणारा यांतील फरक हाच कौशल्याचा फरक होता.

७. कायदा आणि बदललेले तंत्र :

ध्वनी अधिक मोठा करण्याच्या या धडपडीला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मर्यादा घातली. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरली. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधोरेखित केले. रात्रभर चालणाऱ्या रंगभूमीच्या प्रदेशात या नियमाचा अर्थ शहरापेक्षा वेगळा होतो. तेथे प्रश्न केवळ गोंगाटाचा नव्हता. परंपरेने ठरलेल्या वेळेचा होता. या दृष्टीने पाहता स्वच्छ पुरवठ्याला एक निराळे मूल्य येते. गुणगुण आणि फाटणे कमी झाले, की कमी आवाजातही संवाद कळतो. चांगला कारागीर संधारित्र घालीत असे ते शब्द स्पष्ट व्हावा म्हणून. आवाज वाढविणे हा त्याचा एकमेव हेतू नव्हता.

वितरणातही बदल झाले. गावठाण फीडर विभक्तीकरण योजनेने घरगुती वाहिनी कृषिपंपांच्या वाहिनीपासून वेगळी करण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१२ ते २०१४ या काळात तिरोडा येथे ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅट, कार्यान्वित झाले आणि गोंदिया जिल्हा स्वतः मोठा वीज-उत्पादक झाला. याच सुमारास स्विचिंग पद्धतीचे पुरवठे स्वस्त झाले. अशा पुरवठ्याचे आवर्तन सेकंदाला हजारोंच्या घरात असल्याने बाहेर जाणाऱ्या बाजूस लहान संधारित्रे पुरतात, आणि त्यांपैकी अनेक पुरवठे १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वतःच सांभाळून घेतात. कमी दाबाचा जो प्रश्न वाढीव संधारित्राने सुटला नव्हता, तो येथे मंडलाच्या रचनेनेच सुटला. त्याबरोबर उघडून जुळविण्याजोगी पेटीही मागे पडली.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, वाढीव संधारित्राची प्रथा काटकसरीची जुळणी, उष्ण हवामान आणि अस्थिर वीज या तीन कारणांच्या संयोगातून आली. ती अज्ञानातून आली असे म्हणता येत नाही. दोन, या उपायाने रिपल कमी झाला, परंतु कमी दाब आणि भारनियमन हे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ग्राहकाने आपल्या पेटीत जे विकत घेऊन घातले त्याने दोन शिखरांमधील दरी भरली. वाहिनी, रोहित्र आणि उत्पादन यांतील दरी सार्वजनिक गुंतवणुकीनेच भरणे शक्य होते. तीन, जिल्हा गॅझेटियरात वीज पोहोचलेल्या गावांची संख्या येते. पोहोचलेली वीज कशी होती हे मात्र अशा पेट्यांवरून कळते. मूळ आकृतीत एकच संधारित्र आणि प्रत्यक्ष पेटीत तीन, हा फरक त्या गावच्या वीजपुरवठ्याविषयीचा पुरावा आहे.

ही साधने नाशवंत आहेत. संधारित्र आटते, पेटी भंगारात जाते आणि ती जुळविणारी पिढी वृद्ध होत आहे. तालुक्याच्या दुकानांतील उरलेल्या पेट्यांची मोजणीसह नोंद आणि कारागिरांच्या मौखिक मुलाखती हे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व पदार्थविज्ञान या विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्यासारखे आहे. एका विभागाला त्यात काळ वाचता येईल आणि दुसऱ्याला मोजता येईल. दोन्ही एकत्र आल्याशिवाय या पेटीचा इतिहास पूर्ण होणार नाही.